पोलीस कुणाचा माणूस?

१९८० साली दिलीपकुमार मुंबईचे शेरीफ होते आणि १९९४ साली सुनील गावसकर. मराठीत या पदाला नगरपाल म्हणतात. वर्षभराचं मानाचं पद. परदेशी पाहुण्यांचं स्वागत करायचं, शोकसभा बोलवायची, समारंभात पुढच्या रांगेत बसायचं. गावसकरांनी चोर पकडावेत अशी अपेक्षा कुणी केली नव्हती. अमेरिकेतल्या शेरीफच्या कमरेला मात्र पिस्तूल असतं, ताब्यात तुरुंग असतो आणि तो चक्क निवडणूक लढवून येतो. मुलाकडे पहिल्यांदा गेलेले आईवडील रस्त्याकडेला 'अमुकतमुक फॉर शेरीफ' अशी प्रचाराची पाटी बघून बुचकळ्यात पडतात. पोलीस निवडून कसा काय येतो?

दुसरा गोंधळ बातम्यांतून येतो. मे २०२० मध्ये मिनिआपोलिस शहरात एका पोलिसाने जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर गुडघा दाबून धरला, फ्लॉइड मेला, आणि ते चित्रण जगभर गेलं. तेव्हापासून असं काही घडलं की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, 'अमेरिकेतले पोलीस मुळात पळालेले गुलाम पकडायला निर्माण झाले.' दुसरं, 'छे, ती तर लंडनची नक्कल.' दोन्हींत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. माझ्या मते हा सगळा इतिहास एकाच प्रश्नाला धरून वाचला तर सोपा होतो: हा पोलीस कुणाचा माणूस? त्याला पगार कोण देतं, आणि काढून टाकायचं झालं तर कोण टाकतं?

पोलीस नव्हते तेव्हा

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये पोलीस नावाचं खातंच नव्हतं. दहा घरांचा किंवा दहा पुरुषांचा एक गट असायचा. गटातल्या कुणी गुन्हा केला तर त्याला हजर करायची जबाबदारी बाकीच्यांची; नाही केलं तर दंड सगळ्यांना. आपल्या बचत गटात एकीने कर्जाचा हप्ता बुडवला की बाकीच्या तिच्या दारात जाऊन बसतात, तसाच हा प्रकार. लक्ष ठेवायला वेगळा माणूस लागत नाही, शेजारीच ठेवतात.

चोर दिसला की ओरडायचं आणि ओरडा ऐकणाऱ्या प्रत्येकाने हातातलं काम टाकून मागे धावायचं, हा नुसता रिवाज नव्हता, कायदा होता. १२८५ च्या विंचेस्टरच्या कायद्याने तो पक्का केला. १५ ते ६० वयाच्या प्रत्येक पुरुषाने ऐपतीप्रमाणे घरात हत्यार ठेवायचं. दरोडा पडला आणि चाळीस दिवसांत चोर सापडला नाही, तर नुकसान त्या टापूतल्या लोकांनी भरून द्यायचं. मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. आपल्याकडे गावचा रामोशी किंवा जागल्या चोराच्या पावलांचा माग काढत शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत जायचा. माग शिवेपलीकडे गेला की जबाबदारी पुढच्या गावाची. जिथे माग विरला, त्या गावावर चोरी भरून द्यायची पाळी यायची. एकमेकांचं नावही न ऐकलेल्या दोन मुलखांनी एकच तोडगा काढला होता, याची मला गंमत वाटते.

या गावकीच्या वर राजाचा एक माणूस असे. प्रांताला 'शायर' म्हणत आणि कारभाऱ्याला 'रीव्ह'. शायर-रीव्ह, म्हणजेच शेरीफ. पुढे इंग्लंडात न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्याचे अधिकार हळूहळू खाल्ले आणि तो शोभेपुरता उरला. मुंबईचा नगरपाल या शाखेचा वंशज. 'कॉन्स्टेबल' शब्दाचा प्रवास तर आणखी मजेशीर आहे. मूळ लॅटिनमध्ये तो राजाच्या पागेचा मोठा अधिकारी. घसरत घसरत तो गावच्या बिनपगारी कॉन्स्टेबलवर आला. हे काम वर्षभरासाठी आळीपाळीने गळ्यात पडायचं. गृहनिर्माण सोसायटीच्या सेक्रेटरीपदासारखं समजा: गरज सगळ्यांना, हौस कुणालाच नाही. ज्याच्याकडे पैसे होते तो दुसऱ्याला चार पैसे देऊन आपल्या जागी उभा करी, आणि असा भाडोत्री मिळायचा तो बहुधा म्हातारा किंवा दुसरं काही काम न मिळणारा.

चोर पकडणारा चोर

ओळखीच्या गावात हे चालून गेलं. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये नाही. शेजारी कोण राहतो हेच जिथे ठाऊक नाही तिथे कुणाच्या ओरडण्यावर कोण धावणार? सरकारने मग बक्षिसं लावली. वाटमाऱ्याला पकडून दोषी ठरवून दिलं की ४० पौंड, त्या काळी सामान्य माणसाच्या वर्षाच्या कमाईहून मोठी रक्कम. बक्षिसासाठी चोर पकडणारे धंदेवाईक तयार झाले. त्यांतला सर्वांत नावाजलेला जोनाथन वाइल्ड. हा गडी आपल्याच टोळीकडून चोऱ्या करवी, मग मालकाला माल 'शोधून' दिल्याचे पैसे घेई, आणि टोळीतला कुणी डोईजड झाला की त्याला सरकारच्या हवाली करून वर बक्षीसही उचली. १७२५ मध्ये तो स्वतः फासावर गेला. लोकांनी धडा घेतला: चोरीमागे पैसे दिले तर चोऱ्या वाढतात, पगार द्या.

१७४९ मध्ये हेन्री फील्डिंग या न्यायदंडाधिकाऱ्याने लंडनच्या बो स्ट्रीट कचेरीत मूठभर माणसं हाताशी धरून तपासाचं काम सुरू केलं. पुढे त्याचा सावत्र भाऊ जॉन याने ते वाढवलं. जॉन आंधळा होता आणि नुसत्या आवाजावरून शेकडो चोर ओळखायचा असं सांगतात. १७९८ मध्ये टेम्स नदीच्या बंदरावर पहारेकऱ्यांचं दल आलं. त्याचा बहुतेक खर्च उचलला वेस्ट इंडिजशी व्यापार करणाऱ्यांनी, कारण चोरी व्हायची ती त्यांच्या जहाजांवरच्या साखरेची आणि रमची. दोनच वर्षांत सरकारने हे दल आपल्याकडे घेतलं. ती साखर पिकवत होते कॅरिबियन बेटांवरचे गुलाम. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

पण गुन्हे वाढले म्हणूनच पोलीस आले ना?

अर्धं उत्तर हो. उरलेलं अर्धं जमावाच्या भीतीत आहे. दंगल उसळली की सरकारच्या हातात दोनच गोष्टी होत्या: काठी टेकत फिरणारे रात्रीचे पहारेकरी, नाहीतर थेट सैन्य. ऑगस्ट १८१९ मध्ये मँचेस्टरला मतदानाचा हक्क मागायला सुमारे ६० हजार माणसं जमली, त्यांच्यावर घोडदळ घातलं गेलं, पंधराएक माणसं मेली आणि शेकडो जखमी झाली. पीटर्लू म्हणून हे हत्याकांड ओळखलं जातं. काठी आणि तलवार यांच्या मधलं काहीतरी हवं, हे त्यानंतर राज्यकर्त्यांना पटू लागलं.

लोकांना मात्र पोलीस मुळीच नको होते. 'पोलीस' हा शब्दच त्यांना फ्रेंच वाटायचा, म्हणजे सरकारी हेर, घरात डोकावणारे. गृहमंत्री रॉबर्ट पील याने १८२९ मध्ये कायदा करून घेतला तेव्हा ही भीती त्याला पक्की माहीत होती. गणवेश निळा ठेवला, कारण लाल रंग सैन्याचा. बंदूक नाही, लाकडी दांडका, तोही कोटाच्या आत लपवलेला. मदतीला बोलवायला लाकडी खुळखुळा. डोक्यावर साध्या नागरिकासारखी उंच टोपी आणि कॉलरवर क्रमांक, म्हणजे तक्रार करायची तर करता यावी. प्रमुख दोघे: एक निवृत्त सैनिक चार्ल्स रोवन, दुसरा वकील रिचर्ड मेन. २९ सप्टेंबर १८२९ च्या संध्याकाळी पहिली गस्त निघाली. क्रमांक एकचा पोलीस विल्यम ॲटकिन्सन दारू प्यायल्याबद्दल पहिल्याच दिवशी बडतर्फ झाला. तो एकटा नव्हता. पुढच्या काही वर्षांत भरती झालेल्यांपैकी बहुतेक जण गेले, पुष्कळसे दारूपायीच.

लंडनकरांनी त्यांना लगेच डोक्यावर घेतलं असं समजू नका. १८३३ मध्ये एका सभेवरच्या कारवाईत रॉबर्ट कली हा पोलीस भोसकला गेला, आणि स्थानिक ज्युरीने निकाल दिला की ही हत्या समर्थनीय आहे! तो निकाल पुढे रद्द झाला, पण रस्त्यावरच्या माणसाचं मत त्यातून दिसायचं ते दिसलंच.

पीलची 'नऊ तत्त्वं' तुम्ही कुठेतरी वाचली असतील. 'पोलीस म्हणजेच जनता आणि जनता म्हणजेच पोलीस' हे त्यांतलं गाजलेलं. पोलिसांवरच्या भाषणांत ती पीलच्या नावावर सर्रास खपवली जातात. त्या रूपात ती पीलने लिहिलेलीच नाहीत; विसाव्या शतकात चार्ल्स रीथ या इतिहासकाराने पहिल्या नियमावलीचा सारांश काढताना ती मांडली. १८२९ च्या मूळ सूचनांत मुद्दा एकच ठळक आहे: गुन्हा घडल्यावर धावण्यापेक्षा तो घडू न देणं हे पहिलं काम. नेमून दिलेल्या रस्त्यावर ठरल्या वेळी फिरणारा, सगळ्यांना दिसणारा पोलीस. आज आपण ज्याला बीट म्हणतो ते हेच.

मग हा बॉबी कुणाचा माणूस? (बॉबी हे रॉबर्टचं लाडकं रूप, पीलवरून पडलेलं.) तो गृहमंत्र्याचा माणूस. जनतेचा म्हणवणाऱ्या या दलावर लंडनच्या स्थानिक लोकप्रतिनिधींचा धड अधिकार नव्हता, तोही थेट २००० सालापर्यंत.

पीलचा दुसरा हात

लंडनआधी पील आयर्लंडमध्ये मुख्य सचिव होता. तिथे १८१४ मध्ये त्याने सुरू केलेल्या दलातून पुढे आयरिश कॉन्स्टॅब्युलरी उभी राहिली. हातात बंदूक, राहायला बराकी, हुकूम राजधानी डब्लिनमधून, आणि माणसाची नेमणूक त्याच्या स्वतःच्या जिल्ह्यात करायची नाही. आपल्या माणसांवर दांडकाही जपून, जिंकलेल्या लोकांवर मात्र बंदूक.

आपल्याकडे आला तो मुख्यतः हा दुसरा हात. १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर चार्ल्स नेपियरने तिथे आयरिश धर्तीवर पोलीस उभे केले, मुंबई इलाख्याने तो नमुना उचलला, आणि १८५७ नंतर १८६१ च्या पोलीस कायद्याने ती घडण देशभर बसवली. मुंबई शहराला लंडनसारखा पोलीस आयुक्त मिळाला खरा, पण जिल्ह्यातल्या पोलीस लाइनीचं मूळ शोधायचं तर डब्लिनला जावं लागतं.

अमेरिकेला काय पोचलं?

इथे कालक्रम नीट पाहावा लागतो. इंग्रज अमेरिकेत वसायला गेले ते सतराव्या शतकात, पीलच्या दोनशे वर्षं आधी. सोबत नेलं ते जुनंच सामान: शेरीफ, कॉन्स्टेबल, रात्रीचा पहारा. बॉस्टनमध्ये १६३० च्या दशकातच पहारा होता. इंग्लंडात शेरीफ शोभेचा होत गेला, पण अमेरिकेतल्या विस्तीर्ण, विरळ वस्तीत त्याचं काम वाढलं. राजा गेल्यावर त्याला नेमणार कोण, तर लोक. म्हणून ती प्रचाराची पाटी.

दक्षिणेत वेगळंच काही उगवलं. कॅरोलिना वसाहतीने १७०४ मध्ये गुलामांवरच्या गस्तीची व्यवस्था केली. गोऱ्या पुरुषांनी पाळीपाळीने घोड्यावरून रात्री फिरायचं, रस्त्यावर दिसलेल्या काळ्या माणसाकडे मालकाची चिठ्ठी मागायची, नसेल तर चाबूक, झोपड्यांची झडती. १७३९ मध्ये स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला आणि पुढच्याच वर्षी तिथला कायदा आणखी कडक झाला. चार्ल्सटन शहरात तर बंदूकधारी, पगारी सिटी गार्ड अठराव्या शतकाच्या अखेरीस फिरत होते, म्हणजे लंडनच्या निळ्या कोटाच्या कितीतरी आधी. 'पहिले आधुनिक पोलीस लंडनचे' हे वाक्य सवयीने म्हणताना चार्ल्सटनचा विसर पडतो, आणि तो विसर सोयीचाही असतो.

मग अमेरिकी पोलीस गुलामगस्तीचेच वारस म्हणायचे का?

दक्षिणेतल्या शहरांबद्दल विचाराल तर धागा सरळ दिसतो. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली, गस्त संपली, पण लगेच 'बेकार भटकणं' हाच गुन्हा ठरवणारे कायदे आले, आणि ते काळ्या माणसावर चालवायला गावचे शेरीफ आणि पोलीस होतेच. चिठ्ठी मागणारा हात तोच राहिला.

उत्तरेतल्या शहरांना हे जसंच्या तसं लागू होत नाही. बॉस्टनने १८३८ मध्ये आणि न्यूयॉर्कने १८४५ मध्ये पगारी पोलीस उभे केले ते दंगली, वाढती गर्दी आणि बोटी भरून येणारे आयरिश स्थलांतरित यांना घाबरून, लंडनकडे बघत. तिथेही 'कुणावर नजर ठेवायची' याचं उत्तर आधीच ठरलेलं होतं. तेव्हा ते गरीब परदेशी होते. आणि ज्यांचा आदर्श समोर ठेवला त्या लंडनच्याही बंदरावरचा पहिला पगारी पहारा गुलामांनी पिकवलेल्या साखरेभोवतीच होता. म्हणून एकच मूळ शोधत बसण्यात मला अर्थ दिसत नाही. दोन-तीन वेगवेगळ्या विहिरींचं पाणी एका पाटात आलं आहे.

न्यूयॉर्कने नक्कल केली, पण अर्धीच

न्यूयॉर्कने लंडनची गस्त घेतली आणि गणवेश नाकारला. पोलिसांचंच म्हणणं पडलं की वर्दी म्हणजे श्रीमंताघरच्या नोकराचा पोशाख, स्वतंत्र नागरिकाने तो का घालायचा? नुसता तांब्याचा तारा छातीवर लावून ते फिरायचे. (त्या तांब्यावरून, म्हणजे 'कॉपर'वरून, 'कॉप' शब्द आला ही गोष्ट छान आहे. पण 'पकडणं' या अर्थाचं जुनं क्रियापदच त्यामागे असण्याचा संभव जास्त.) गणवेश अंगावर चढायला १८५३ उजाडलं.

खरा फरक नेमणुकीत होता. लंडनचा पोलीस गृहमंत्र्याच्या हाताखालचा. न्यूयॉर्कचा वॉर्डातल्या नगरसेवकाच्या शिफारशीवर आलेला, सुरुवातीला तर फक्त वर्षभरासाठी. नगरसेवक पडला की नोकरी धोक्यात. मग तो निवडणुकीच्या दिवशी कुणाच्या बाजूने उभा राहणार, हे कुठल्याही महापालिकेची निवडणूक पाहिलेल्या मराठी माणसाला सांगायला नको.

याचा कळस १८५७ मध्ये झाला. राज्याच्या विधिमंडळाने शहराचं पोलीस खातं बरखास्त करून आपलं नवं दल नेमलं. महापौर फर्नांडो वुड म्हणाला, मी माझं दल मोडणार नाही. झालं! एका शहरात दोन पोलीस दलं. एकाने पकडलेला चोर दुसऱ्याने सोडायचा. १६ जूनला, म्हणजे इकडे उत्तर हिंदुस्थानात बंड पेटलेलं असताना, महापौराला अटक करायला आलेले पोलीस आणि महापौराचे पोलीस सिटी हॉलच्या पायऱ्यांवर एकमेकांना दांडक्यांनी बडवत होते. जवळून चाललेली सैन्याची तुकडी मध्ये पडली तेव्हा कुठे ते थांबलं. पुढच्या महिन्यात न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला.

१८९४ मध्ये लेक्सो समितीच्या चौकशीत भरतीचे दर उघडे पडले: साध्या शिपायाच्या जागेला सुमारे ३०० डॉलर आणि कॅप्टनच्या पदाला १५ हजारांपर्यंत. एवढे पैसे मोजून आलेला माणूस ते दारूचे गुत्ते, जुगारअड्डे आणि कुंटणखान्यांकडून वसूल करणारच. पुढच्याच वर्षी थिओडोर रूझवेल्ट, म्हणजे नंतरचे राष्ट्राध्यक्ष, पोलीस मंडळाचे प्रमुख झाले आणि मध्यरात्री रस्त्यावर फिरून झोपलेले शिपाई पकडू लागले.

लंडनचा पोलीस बंदुकीवाचून, अमेरिकेचा का नाही?

'अमेरिकेत सगळ्यांकडेच बंदूक असते म्हणून,' हे उत्तर बरोबर आहे, पण पुरेसं नाही. लंडनच्या शिपायामागे अख्खी संस्था उभी होती: कडक नियम, क्रमांक, गृहमंत्री. तो बोलला की सरकार बोललं. न्यूयॉर्कचा शिपाई त्याच गल्लीतला, कुणातरी पुढाऱ्याने चिकटवलेला. त्याला मान मिळायचा तो त्याच्या मनगटातल्या जोरावर. म्हणून शिपायांनी आपापल्या खिशातून पिस्तुलं आणायला सुरुवात केली, खात्याने काणाडोळा केला, आणि १८९६ मध्ये रूझवेल्टांच्या काळात कोल्ट कंपनीचं ०.३२ रिव्हॉल्वर अधिकृत झालं. सवय आधी पडली, नियम मागून आला. इंग्लंडातले बहुतेक गस्तीचे पोलीस आजही बंदूक बाळगत नाहीत.

सुधारणा झाल्या नाहीत का?

झाल्या. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचे पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिपायांना आधी सायकली आणि मग मोटारी दिल्या, कॉलेजात शिकलेली माणसं भरती केली, आणि पुढाऱ्याचा हात तोडून पोलिसाला डॉक्टर-वकिलासारखा व्यावसायिक करायचा प्रयत्न केला. हात बराचसा सुटला. पण मोटारीत बसलेला पोलीस गल्लीपासूनही सुटला, ही त्याची दुसरी बाजू.

आणि पीलचा तो दुसरा हात? तोही अखेर अटलांटिक ओलांडून गेला. पेनसिल्व्हेनियात कोळसा खाणींतल्या संपांवर गावचे पोलीस कडक कारवाई करीनात, कारण खाणकामगार त्यांच्याच नात्यागोत्यातले. १९०५ मध्ये राज्याने आयरिश कॉन्स्टॅब्युलरीचा कित्ता गिरवत घोडेस्वार राज्य पोलीस उभे केले: बराकीत राहणारे, वरून हुकूम घेणारे, गावाशी देणंघेणं नसलेले.

मग एकच खातं का करत नाहीत?

कारण अमेरिकी राज्यघटनेत पोलीस हा विषय राज्यांकडे राहिला, आणि राज्यांनी तो शहरांकडे व जिल्ह्यांकडे सोडला. इंग्लंड आणि वेल्स मिळून ४३ प्रादेशिक पोलीस दलं आहेत. अमेरिकेत लहानमोठी मिळून सुमारे १८ हजार, त्यांतली कित्येक दहा माणसांचीसुद्धा नाहीत. एफबीआय या सगळ्यांची वरिष्ठ नव्हे. ती फक्त केंद्राच्या कायद्याखालचे गुन्हे पाहते, गावच्या शिपायाची बदली करणं तिच्या हातात नाही. म्हणून वॉशिंग्टनमधून एखादी सुधारणा जाहीर झाली तरी ती १८ हजार दारांवर वेगवेगळी ठोठावावी लागते.

तेव्हा तिकडे मुलाची गाडी कुणी बाजूला घ्यायला लावली, तर थांबवणाऱ्या गाडीच्या दारावर काय लिहिलंय ते वाचा. शहराचं नाव असेल तर त्याचा साहेब बहुधा महापौराने किंवा नगरप्रशासकाने नेमलेला. 'शेरीफ' असेल तर साहेब मतपेटीतून आलेला. 'स्टेट' असेल तर वरचा हात राज्याच्या राजधानीत, गव्हर्नरपाशी. विद्यापीठाचं नाव असेल तरीही तो बहुतेक ठिकाणी पुरता पोलीसच असतो, अटक करू शकणारा. तक्रारीचा कागद प्रत्येक वेळी वेगळ्या टेबलावर जातो.